पोटखराब्यातल्या नोंदी

ओसरीवर ऊन आलं होतं. समोर स्टीलची ताटली, ताटलीत कोमट पाणी आणि पाण्यात भिजत घातलेला अंगठ्याच्या पेराएवढा राखाडी गोळा. हातात चिमटा, डोळ्याला भिंग. गोळा सुटत गेला तसे त्यातून आधी केस निघाले, मग दोन पिसांचे देठ, मग तंगड्या आणि तपकिरी चकचकीत कपचे. सासूबाई तुळशीला पाणी घालून आल्या आणि माझ्याजवळ वाकल्या.

“काय गं हे?”

“भोवत्याची उलटी आहे, आत्या. माळावरून आणलीय.”

रागावतील असं वाटलं होतं. त्या खाली टेकल्या, चष्मा पुसला आणि एक तंगडी बोटाच्या टोकावर उचलून घेतली. “ही गवतातल्या नाकतोड्याची हाय. पिकातला हिरवा असतोय. हा मातकट, माळावरचा.” साठ वर्षं रानात खुरपण केलेली बाई. मला जी ओळख पटायला पुस्तक आणि भिंग लागत होतं, ती त्यांनी उघड्या डोळ्यांनी पटवली. मी वहीत लिहून घेतलं.

शिकारी पक्षी भक्ष्य खातो तेव्हा मांस पचतं, पण केस, पिसं, किड्यांची टणक कवचं पचत नाहीत. पोटात त्यांचा गोळा होतो आणि पक्षी तो तोंडावाटे टाकून देतो. भोवत्ये म्हणजे घारीसारखे शिकारी पक्षी. ते रात्री माळावर एकत्र बसतात, तिथे सकाळी हे गोळे सापडतात. ते फोडून बघितले की पक्ष्याला हात न लावता, त्याला न उडवता, त्याने काय खाल्लं ते कळतं. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे नाकतोड्याचा जबडा. तिळापेक्षा थोडा मोठा, काळपट तांबूस, एका कडेला दाते. पायांचे तुकडे होतात, पंख विरघळल्यासारखे होतात, जबडा मात्र शाबूत राहतो. त्या दिवशी एका गोळ्यातून मी सतरा जबडे वेगळे केले आणि जुन्या वहीच्या पांढऱ्या पानावर ओळीने मांडले. एका नाकतोड्याला दोन जबडे. म्हणजे नऊ नाकतोडे, किमान. हा ‘किमान’ शब्द मला प्रशिक्षणात शिकवला गेला. जेवढं हाताला लागलं तेवढंच लिहायचं आणि त्याच्या आधी ‘किमान’ लिहायचं.

मी बालाघाटाच्या पठारावरच्या एका गावात राहते आणि जवळच्या तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. बरीच वर्षं माझं प्राणिशास्त्र स्पिरिटच्या बरण्यांत आणि फळ्यावरच्या आकृत्यांत होतं. गावाच्या उत्तरेला दीड-दोनशे एकरांचं गायरान आहे. मुरमाड जमीन, कुसळी, पवन्या, मारवेलचं गवत, मधे बोरी-बाभळी. लग्न होऊन आल्यापासून ते बघत होते आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. हिवाळ्यात पक्षी बघायचे म्हणजे जायकवाडीला जायचं, पाण्यावरचे रोहित बघायचे, ही आमच्याकडची रीत.

सहा वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या मुलांना घेऊन गायरानात गवतांचे नमुने गोळा करायला गेले होते. ऊन कलत होतं. आमच्या समोरून, गवताच्या तुऱ्यांना पोट लागेल इतक्या खालून, एक फिकट राखाडी पक्षी गेला. पंख किंचित वर उचललेले, जसं कुणी ओंजळ धरावी. चार झेपा, मग तरंगत जाणं, मग एकदम वळून गवतात पडणं. आवाज काहीच नाही. मेंढरं घेऊन एक मामा तिथे बसले होते. मी विचारलं, “मामा, ही कोणती घार?”

“ती पांढरी घार. दसऱ्याला येतेत, पाडव्याला जातेत. मेंढरं चालायली की म्होरं म्होरं उडतेत. पायानं किडा उठला की धरतेत.”

“इथंच राहतात?”

“रातच्याला समदी इथंच बसतेत. ह्या गवतात. तुम्ही कधी बघितलंच नाई का, बाई?”

नव्हतं बघितलं. त्या संध्याकाळी मुलांना बसमध्ये बसवून मी परत गेले. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी ते यायला लागले. एक पूर्वेकडून, दोन ओढ्याच्या अंगाने, मग कुठून कुठून. गवतावर घिरट्या घालायचे, एखादा बसायचा, पुन्हा उठायचा. अंधार पडेपर्यंत मी उभी होते आणि किती आले ते मला सांगता आलं नसतं.

आमच्या माळावर तीन जातींचे भोवत्ये येतात. पांढुरका भोवत्या, माँटेग्यूचा भोवत्या, आणि पाणथळीच्या बाजूला एखाददुसरा दलदली भोवत्या. कझाकस्तान, रशियाकडच्या अफाट गवताळ मैदानांत यातले पहिले दोन जमिनीवरच घरटी करतात. माँटेग्यूचा नर जेमतेम पाव किलो वजनाचा. एवढा जीव हजारो किलोमीटर उडून दसऱ्याच्या सुमारास आमच्या रानात हजर होतो. पांढुरका भोवत्या जागतिक पातळीवर ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ म्हणून नोंदलेला आहे.

यांना ‘पाहुणे’ म्हणायची पद्धत आहे. शाळेच्या पुस्तकात, पेपरात, सगळीकडे परदेशी पाहुणे. मला तो शब्द आता खटकतो. दसरा ते पाडवा म्हणजे सहा महिने होतात. घरटं, अंडी, पिल्लं यांत तिकडे तीन-चार महिने जातात, उरलेला काळ वाटेत. वर्षातला सगळ्यात मोठा मुक्काम तर इथे आहे. पिल्लाचा पहिला हिवाळा, ज्यात ते शिकार शिकतं किंवा उपाशी मरतं, तो इथे निघतो. पाहुणा म्हटलं की त्याची काळजी त्याच्या घरच्यांनी करायची असते, आपण फक्त चहापाणी बघायचं. इथे घरचे आपणच आहोत.

पुढच्या हिवाळ्यात मी एका प्रशिक्षणाला गेले. उत्तरेकडच्या एका गवताळ प्रदेशात, सात दिवस. स्थलांतरी शिकारी पक्ष्यांचा शास्त्रीय अभ्यास कसा करायचा, हा विषय. वनरक्षक होते, संशोधक विद्यार्थी होते, माझ्यासारखे एक-दोन शिक्षक. पहाटे पाचला उठायचं, रात्री दहाला नोंदी पुऱ्या करून झोपायचं. चाळिशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा नव्याने अक्षरं गिरवावीत तशी शिकत होते.

पहिले दोन दिवस नुसतं ओळखायला शिकण्यात गेले. नर सोपे असतात. पांढुरक्याच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर, माँटेग्यूच्या पंखावर काळा पट्टा. अवघड असतात त्या माद्या आणि पहिल्या वर्षाचे पक्षी. सगळे तपकिरी, सगळ्यांच्या शेपटीच्या बुडाशी पांढरं. त्यात गालामागे फिकट कॉलर दिसते का, पंखाच्या टोकाला बोटांसारखी सुटी पिसं किती, हे उडत्या पक्ष्यात तीन-चार सेकंदांत बघायचं. आमचे प्रशिक्षक सारखं सांगायचे, खात्री नसेल तर ‘भोवत्या, जात अनिश्चित’ लिहा. चुकीचं नाव लिहिलेली नोंद पुढे दहा जणांना चुकवते.

मग मोजणी. इथे माझी जुनी चूक कळली. आदल्या वर्षी मी एकटीने दोन-तीनदा मोजून वहीत मोठ्ठे आकडे लिहिले होते. भोवत्या गवतात बसतो, पुन्हा उठतो, फेरी मारून दुसरीकडे बसतो. मी प्रत्येक बसणं मोजत होते. पद्धत अशी आहे की रातथाऱ्याच्या, म्हणजे पक्षी रात्री एकत्र बसतात त्या जागेच्या, भोवती एक कल्पित सीमा धरायची, बाहेरून आत आलेला मिळवायचा, आतून बाहेर गेलेला वजा करायचा. लांब थांबायचं, दीडशे-दोनशे मीटर तरी. आणि शक्यतो दोघांनी मोजायचं, एकमेकांना न सांगता, वेगवेगळ्या रकान्यात लिहायचं. दोन आकडे जुळले नाहीत तर खोडाखोड करायची नाही, दोन्ही तसेच ठेवायचे. मी घरी आल्यावर जुन्या वहीतल्या त्या आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि बाजूला कारण लिहिलं.

पाचव्या दिवशी पक्षी हातात आला. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, त्याखाली रीतसर परवानगी असल्याशिवाय असा पक्षी पकडता येत नाही. त्या अभ्यासगटाकडे ती होती. पकडायचं साधन म्हणजे छोटा तारेचा पिंजरा, आत उंदीर, वरून नायलॉनच्या दोऱ्याचे बारीक फासे. पक्षी उंदरावर झेप घेतो आणि त्याचा पाय फाशात अडकतो. जगातल्या कुठल्याही शिकारी पक्ष्यांच्या अभ्यासकाला याचं नाव विचारा, तो ‘बालछत्री’ म्हणेल. बाल म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस, ज्यांचे पूर्वी फासे करत, आणि छत्री म्हणजे त्याचा आकार. आपल्याकडच्या बहिरी ससाणे बाळगणाऱ्या शिकाऱ्यांचं हे हत्यार. 1959 साली अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी त्यावर लेख लिहिला आणि हे नाव जगभर रुळलं. त्याच 1959 साली सालिम अलींच्या पुढाकाराने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्या कामात अनेक वर्षं पक्षी पकडून दिले आणि शास्त्रज्ञांना पकडायला शिकवलं ते बिहारमधल्या मीरशिकार समाजातल्या अली हुसेन यांनी. आमच्याकडे पारध्यांच्या हातात असं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्या वाट्याला मात्र गुरुपद आलं नाही, पोलिसांचा ससेमिरा आला.

फाशात आली होती एक खरुची. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारा तो लहानसा ससाणा, विजेच्या तारांवर पण दिसतो. प्रशिक्षकांनी आधी पाय धरले, कारण धरणाऱ्याला शिकारी पक्ष्याच्या नखांचा धोका जास्त असतो. डोक्यावर कापडाची टोपी आल्याबरोबर ती शांत झाली. वजन करायला कापडी पिशवी, पंख मोजायला पट्टी, नडगी मोजायला कॅलिपर. मग कडं. त्यांनी मला हात पुढे करायला सांगितला. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात तिची मान, तळहातात पाठ. इतकी गरम असेल असं वाटलं नव्हतं. तिच्या काळजाची धडधड मला माझ्या मनगटापर्यंत जाणवत होती, मोजता येणार नाही इतकी जलद. पायातल्या ॲल्युमिनियमच्या कड्यावर बारीक अक्षरांत मुंबईला कळवण्याची विनंती आणि एक क्रमांक. मी तो क्रमांक मोठ्याने वाचला, दुसऱ्याने लिहिला, तिसऱ्याने परत वाचून ताडून बघितला. मग टोपी काढली, हात उघडला. हात रिकामा झाल्यावरही बराच वेळ मी तो तसाच धरून होते.

उपग्रह ट्रान्समीटर बसवणं आम्ही फक्त बघितलं. पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांहून जास्त ओझं त्याच्या पाठीवर द्यायचं नाही, असा संकेत आहे. तीनशे ग्रॅमच्या भोवत्याला नऊ ग्रॅम, म्हणजे एक रुपयाची दोन नाणी आणि वर थोडं. तेवढ्यात सौर पट्टी, बॅटरी, अँटेना. त्या दोन नाण्यांनी काय उलगडतं, याची जी गोष्ट तिथे ऐकली ती मी तेव्हापासून दर वर्षी वर्गात सांगते.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडे स्वेन्सन्स हॉक नावाचा बाज आहे. तिकडच्या थंडीत तो दहा हजार किलोमीटर उडून अर्जेंटिनात जातो, आणि आमच्या भोवत्यांसारखा तिथे नाकतोडे आणि टोळांवर जगतो. तिथले शेतकरी त्याला ‘टोळखाऊ बाज’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. कॅलिफोर्नियात या बाजांची घरटी अभ्यासणाऱ्या ब्रायन वुडब्रिज यांच्या लक्षात आलं की काही पक्षी परत येत नाहीत. त्यांनी काहींच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले आणि 1995 मध्ये त्या संदेशांचा माग काढत ते अर्जेंटिनातल्या ला पाम्पा भागात पोचले. शेतांत शेकडो बाज मरून पडले होते. पुढच्या हंगामात अनेक ठिकाणी शोध घेतला तेव्हा सुमारे 5,000 मेलेले पक्षी मोजले गेले, आणि एकूण मृत्यू 20,000 च्या घरात असावेत असा अंदाज निघाला. शेतकऱ्यांनी बाजांना मारलं नव्हतं. त्यांनी पिकावरच्या टोळांसाठी कीटकनाशक फवारलं होतं. टोळ मरायला लागले, सोपं खाणं म्हणून बाज थव्याने उतरले, आणि विष पोटात आणि अंगावर घेऊन तिथेच झाडांखाली कोसळले.

त्या औषधाचं नाव होतं मोनोक्रोटोफॉस.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये हे नाव पडद्यावर आलं तेव्हा मला आमच्या घरातली गोठ्याच्या वळचणीची फळी दिसली. तिथे ‘मोनो’ची बाटली असायची. माझ्या सासऱ्यांनी कापसावर ते फवारलं, दिरांनी फवारलं. मराठवाड्यात-विदर्भात कापूस लावणारं घर आणि हे नाव माहीत नाही, असं होणार नाही. भाजीपाल्यावर ते वापरायला 2005 पासून बंदी. कापसावर मात्र पुढेही चालत राहिलं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही जी नावं पुढे आली त्यात हे होतं. अर्जेंटिनातल्या बाजाचा मृत्यू आणि यवतमाळच्या मजुराचा मृत्यू, यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

तिकडे पुढे काय झालं, ते मी मुलांना जास्त सावकाश सांगते. मेलेले पक्षी मोजले, त्यांच्यात विष सापडलं, ते कोणतं हे सिद्ध झालं. उत्पादकाने माल मागे घेतला, सरकारने बंधन घातलं, आणि शेतकऱ्यांना गावोगाव बोलावून सांगितलं गेलं की काय झालंय आणि त्याऐवजी काय वापरा. काही हंगामांत असे सामूहिक मृत्यू जवळपास थांबले. शोध, मग शिकवणं, या दोन्हींतलं एक जरी सुटलं असतं तरी झाडाखाली बाज पडत राहिले असते. गिधाडांच्या बाबतीत आपल्याकडे शोध लागला, पण उशिरा. जनावरांना देतात ते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोरांच्या मांसातून गिधाडांना मारतं, हे 2004 साली शोधून काढलं गेलं, 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, पण तोपर्यंत आमच्या गावाबाहेरचं ढोरं टाकायचं रान गिधाडांवाचून ओस पडलं होतं. पुढे राजस्थानात स्थलांतर करून आलेल्या स्टेपी गरुडांच्या शरीरातही तेच औषध सापडलं. तो निबंध 2014 चा. आणि नागालँडमधल्या पांगतीची गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. 2012 च्या एका हंगामात लाखाहून जास्त अमूर ससाणे जाळ्यांत मारले गेले, आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी एकही मारला नाही. त्या वर्षी ट्रान्समीटर लावून सोडलेल्या तीन ससाण्यांना ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ अशी नावं दिली गेली. मध्य भारत ओलांडून हे ससाणे अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत जातात. आमच्या डोक्यावरून रात्री काय काय जात असेल, असं नोव्हेंबरात गच्चीवर झोपलं की मनात येतं.

प्रशिक्षणात एक शोधनिबंध वाचायला दिला होता. बंगळूरच्या ‘अत्री’ या संस्थेतले टी. गणेश आणि त्यांचे सहकारी यांनी देशातल्या भोवत्यांच्या रातथाऱ्यांच्या तीस वर्षांतल्या मोजण्या गोळा करून 2018 मध्ये तो लिहिला. हिवाळ्यात येणारे भोवत्ये कमी होत चाललेत, असं त्या आकड्यांतून दिसतं. गुजरातेतलं वेळावदर हा जगातल्या सगळ्यात मोठ्या रातथाऱ्यांपैकी एक, तिथल्या जुन्या मोजण्या असल्यामुळे आजची घट कळू शकते. जिथे पूर्वी कुणी मोजलंच नाही तिथे कमी झाले हेही सिद्ध करता येत नाही. मी त्या माळाशेजारी इतकी वर्षं राहत होते. एक आकडा तरी लिहून ठेवला असता.

आमच्या भाषेतही त्या जमिनीची नोंद नीट नाही. सातबाऱ्यावर जी जमीन पिकाखाली येत नाही तिला ‘पोटखराबा’ म्हणतात. सरकारी कागदांत माळरान म्हणजे पडीक. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी उभं केलं पाहिजे, खड्डे खणून झाडं लावली पाहिजेत, नाहीतर ती कुणाला तरी दिली पाहिजे, असं वाटायला लागतं. ज्या गवतात नाकतोडे होतात, चंडोल घरटं करतो, उंदीर बिळं करतो, मेंढरं जगतात, आणि रात्री तीन जातींचे भोवत्ये बसतात, ते कागदावर खराब. चार वर्षांपूर्वी माघात कुणीतरी गवत पेटवलं. पाऊस पडला की कोवळं फुटतं म्हणून पेटवतात, त्यात वाईट हेतू नसतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले. काळं रान, अजून कुठे कुठे धूर. भोवत्ये नेहमीच्या वेळेला आले. वरून फिरले, खाली आले, पुन्हा वर गेले. अंधार पडेपर्यंत फिरत राहिले आणि मग पूर्वेकडे गेले. त्या रात्री ते कुठे बसले, माहीत नाही.

त्यानंतरच्या वर्षी माळाच्या पश्चिमेच्या भागाला कुंपण पडलं आणि सौरऊर्जेच्या पट्ट्या आल्या. रात्री दोनला मोटार चालू करायला साप-विंचवातून जाणाऱ्या माणसाला दिवसा वीज मिळावी, हे मलाही मनापासून हवं आहे. माझ्याच घरातली माणसं तशी गेलेली आहेत. पण जागा ठरण्याच्या आधी तिथे हिवाळ्यात कोण बसतं, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. मी एका कार्यालयात नोंदींसह अर्ज दिला. अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली, पुढे काही झालं नाही. मात्र अर्जासोबत जोडायला माझ्याकडे तीन हिवाळ्यांचे आकडे होते. तेच नसते तर मी कशाच्या जोरावर भांडले असते?

स्थलांतरी शिकारी पक्ष्यांसाठी 2008 साली अबुधाबीत एक आंतरराष्ट्रीय सामंजस्य करार झाला, भारताने त्यावर 2016 मध्ये सही केली. आफ्रिका आणि युरेशियातले देश त्यात आहेत. चांगला करार आहे. त्यात संशोधन आहे, लोकांना शिकवणं आहे. पण तो कराराचा कागद आणि आमचं गायरान यांच्यामध्ये जी माणसं लागतात ती तयार करणारं प्रशिक्षण अजून तालुक्याला पोचलेलं नाही. ते पोचावं, मराठीत पोचावं, आणि पुण्या-मुंबईच्या हॉलमध्ये न होता माळावर व्हावं, एवढी माझी मागणी आहे. वनरक्षकाला भोवत्या आणि घार यांतला फरक कळावा. जनावरांच्या डॉक्टरांना कोणतं औषध गिधाडाला-गरुडाला चालतं ते सांगितलं जावं. कृषी सेवा केंद्रवाल्यांना तर सगळ्यात आधी बोलवावं, कारण शेतकरी फवारणीआधी शेवटचं कुणाशी बोलत असेल तर त्यांच्याशी. परभणीचं कृषी विद्यापीठ आहे, गावोगाव कॉलेजं आहेत, आणि हरभऱ्यात पक्षीथांबे लावा हे आमच्याकडच्या शेतकऱ्यांना सांगून पटलेलं आहे. म्हणजे सांगितलं की माणसं ऐकतात.

गेल्या दोन वर्षांत माझ्या वर्गातल्या नऊ मुली आणि चार मुलगे मोजणी शिकले. त्यातली एक ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. कारखाना सुरू झाला की तिचे आईबाप कर्नाटकात जातात आणि ती आजीजवळ राहते. कॉलर दिसली की नाही हे तिच्याइतकं पटकन कुणाला ओळखता येत नाही. एकदा दुर्बीण डोळ्यावरून न काढता ती म्हणाली, “बाई, हे पण दसऱ्यालाच येतात ना? आमचे तेव्हाच जातात.”

या जानेवारीतली एक संध्याकाळ. थंडी कडक होती, गवताला दव धरायला सुरुवात झाली होती. दोन मुली ओढ्याच्या बाजूला थांबल्या होत्या, मी बांधावर, आणि माझ्यापासून पंधरा पावलांवर मामा, घोंगडं पांघरून. मेंढरं वाड्यात घालून ते आले होते. आता ते दर वेळी येतात. पाच पन्नासला पहिला आला, नर, पांढुरका. सहा वाजून दहा मिनिटांनी एकदम सात आले. मग मधे बराच वेळ कुणी नाही. मग अंधार आणि उजेड यांच्या सांध्यावर ते सगळीकडून यायला लागले आणि मी खाली बघून रेघा मारत होते, वर बघत होते, पुन्हा खाली. साडेसहाला दिसेनासं झालं. मी रेघा मोजल्या. तीस.

“मामा, तुमचे किती झाले?”

त्यांना दोन निरीक्षकांची पद्धत मी कधी समजावली नव्हती. ते रोज संध्याकाळी मेंढरं मोजतात, विसाविसाने, बोटांच्या पेरांवर. “एक ईस अन् वर अकरा.”

“माझे तीसच झाले.”

“एक मागून आलं, बाई. बाभळीच्या अंगानं, लईच खालून. तुम्ही तवा वहीत लिहायलात.”

मी बॅटरी लावली, दुसऱ्या निरीक्षकाच्या रकान्यात 31 लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घोंगड्यातून हात बाहेर काढला, पेन घेतलं आणि मेंढरांच्या औषधाच्या पावतीवर करतात तशी सावकाश सही केली.